छत्तीसचा आकडा

“भाऊ, एकूण वावर किती हाये तुमचं?”

मे महिन्यातली दुपार, देवळीच्या पुढचं आमचं गाव, कडुलिंबाखाली टाकलेली बाज आणि समोर मक्त्याने वावर मागायला आलेला माणूस. पुढच्या हंगामाला अख्खं वावर एकट्याने करायचं त्याच्या मनात होतं. एकरी भाव ठरवायचा होता, म्हणून त्याने सरळ विचारलं. मी आणि दादाने एकमेकांकडे पाहिलं.

“माझा एक बटा नऊ,” मी म्हणालो.

“माहा एक बटा बारा,” दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ.

त्या माणसाने दुपट्ट्याने मान पुसली. “बटा पेरता येत नाही भाऊ. एकर सांगा.”

तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की या घराण्यात आपापला हिस्सा प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, आणि अख्खं वावर किती, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. सातबारा पत्र्याच्या पेटीत. पेटीची किल्ली मोठ्या आईच्या, म्हणजे दादाच्या आईच्या, कमरेला. मोठी आई केळझरच्या गणपतीला. “मोबाइलवर निघते ना सातबारा,” मी म्हणालो. “निघते,” दादा म्हणाला, “पण त्याले गट नंबर लागते, अन् गट नंबर लिहिला हाये सातबाऱ्यावर.”

ओसरीवर आत्या जुन्या धोतरावर कुरड्या घालत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, “काय पायजे रे तुमाले?”

“काही नाही आत्या, हिशेबाचं आहे,” मी म्हणालो. आता वाटतं, तिथेच थांबलो असतो तर पुढची दीड तासाची उन्हातान्हातली बीजगणिताची तालीम वाचली असती.

हे बटे आले कुठून, ते आधी सांगतो. वावर आजोबांच्या स्वकमाईचं. आजी आधी गेली, मागून आजोबा गेले, मृत्युपत्र काही केलेलं नव्हतं. अशा वेळी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. मोठे बाबा, माझे बाबा आणि आत्या, तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश. पुढे मोठे बाबा गेले. मागे मोठी आई आणि तीन लेकरं, म्हणजे तृतीयांशाचे चार तुकडे, प्रत्येकी एक बारांश. मग माझे बाबा गेले. मागे आई, बहीण आणि मी, तृतीयांशाचे तीन तुकडे, प्रत्येकी एक नवमांश. एका आजोबांचे असे आठ खातेदार झाले आणि छेद झाले तीन प्रकारचे: तीन, नऊ, बारा.

आत्याने हक्कसोड करून दिली असती तर गणित सोपं झालं असतं. मोठ्या बाबांना अर्धं, आम्हाला अर्धं, म्हणजे पुढे अष्टमांश नि षष्ठांश, आणि लसावि अवघा चोवीस. तसा प्रयत्न झाला होता. एका भाऊबीजेला दोघा भावांनी तिला भारीतली साडी घेतली आणि साडीच्या घडीखालून कागद पुढे सरकवला. आत्याने साडी ठेवून घेतली. कागद परत केला. म्हणून आज आमच्या सातबाऱ्याचा लसावि ३६ आहे.

आता मराठी माणसाला ३६ म्हटलं की काय आठवतं? तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले. ज्यांचं पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा. आणि गंमत अशी, की आमच्या घरातले आठही जण कुठे एका मापात बसत असतील तर ते याच आकड्यात. आत्याचे बारा, मोठ्या आईकडच्या चौघांचे तीन-तीन, आमच्याकडच्या तिघांचे चार-चार. बारा, बारा आणि बारा. छत्तीस भागांत तोडलं की कुणाचं बोट मोडत नाही.

पण अपूर्णांक आणि माझं वैर जुनं. लहानपणी ‘सात बारा’ हा शब्दसुद्धा मला अपूर्णांकच वाटायचा, कारण कागदावर तो ७/१२ असाच लिहिलेला. आमच्याकडे बारापैकी सातच हिस्से आहेत, मग उरलेले पाच बटा बारा कुणी दाबले, असं मी आजोबांना विचारलं होतं. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या मनात दोन-तीन नावं येऊन गेली असावीत. गाव नमुना सात हा हक्काचा, नमुना बारा हा पिकांचा, आणि मधली तिरपी रेघ ही भागाकाराची नव्हे, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. बरं, आमच्या भागात अपूर्णांक म्हणायचा तो ‘बटा’ घालून, आणि अर्ध्या वाट्याने वावर करायचं ते ‘बटई’ने. कानाला दोन्ही सख्खे भाऊ वाटतात. सख्खे भाऊ म्हटल्यावर पुढे कोर्ट आलंच.

तर वैराचं. सहावीत मास्तरांनी फळ्यावर एक बटा दोन अधिक एक बटा तीन असं लिहिलं आणि मला उभं केलं. मी वरच्यात वरचे आणि खालच्यात खालचे मिळवून दोन बटा पाच असं खणखणीत उत्तर दिलं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी माझ्याकडे आदराने पाहिलं, कारण त्यांचंही तेच आलं होतं.

“अर्ध्यात आणखी टाकलं आणि बेरीज अर्ध्याहून कमी झाली?” मास्तर म्हणाले. “तू पुढे ठेकेदार होशील.”

मीही हट्टाला पेटलो. म्हणालो, सर, मी सोमवारी दोन चेंडूंपैकी एक मारला, मंगळवारी तीनपैकी एक मारला. दोन्ही दिवस मिळून पाचपैकी दोन मारले की नाही? मास्तर छडी हातात घेऊन क्षणभर थांबले. माझं चूक नव्हतं, हे त्यांना कळलं होतं. क्रिकेटमध्ये ते खरंच तसंच चालतं, कारण तिथे आपण अपूर्णांक मिळवत नसतो, चेंडू मोजत असतो. हे मला त्यांनी समजावलं असतं तर माझं आयुष्य कदाचित वेगळं झालं असतं. पण तास संपायला पाच मिनिटं होती. त्यांनी छडी वापरली.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यातच ती प्रसिद्ध शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष, पुढे झाकिर हुसेन यांची समिती, आणि त्यातून निघालेली नई तालीम: मुलाने हाताने काही करावं, टकळीवर सूत कातावं आणि त्या सुतातूनच गणित, भूगोल, सगळं उमगावं. सेवाग्राम आमच्या शाळेपासून सायकलच्या अंतरावर. पण आमची शाळा काही त्या वाटेने गेली नाही. आमच्याकडे हस्तकला एकच, छडी, आणि तिचा सराव फक्त मास्तरांना.

तरी माणूस मनाचा वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी ते खिशातून गोरसपाक घेऊन आले. गोरस भांडारचा गोरसपाक ज्याने खाल्ला नाही त्याला वर्धा कळलं नाही, असं माझं मत आहे. तुपातला, जाड, आणि इतका खुसखुशीत की त्याच्याकडे रागाने पाहिलं तरी चुरा होतो. मास्तरांनी तो टेबलावर ठेवला. अर्धा तोडून मला दिला. अख्ख्याचा तिसरा हिस्सा म्हणून एक तुकडा माझ्या शेजारच्याला दिला. म्हणाले, दोघांचं मिळून किती झालं, नाव सांग. नाव सांगता येईना. एकाचा मोठा तुकडा, एकाचा लहान, ‘दोन तुकडे’ म्हणावं तर मास्तर पुन्हा ठेकेदार म्हणतील. मग त्यांनी माझ्या अर्ध्याचे तीन केले, शेजाऱ्याच्या तुकड्याचे दोन केले. सगळे सारखे. तीन आणि दोन पाच, अख्ख्यात असे सहा बसतात, म्हणून पाच बटा सहा. “हे समच्छेद करणं,” ते म्हणाले. “माप एक झालं की मग मोजता येतं. त्याआधी मोजलं तर ते भांडण.” आम्हाला शब्द कळत नव्हते, पण चुरा कुणी खायचा यावर खाली बाकावर भांडण सुरू झालंच होतं. उरलेला एक षष्ठांश मास्तरांनी खाल्ला. मला तेव्हा तो अन्याय वाटला होता.

त्या षष्ठांशाला मात्र वर्धा जिल्ह्यात फार मोठी परंपरा आहे, हे मला मागाहून उमजलं. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा राहायचे. देवानंतर आपलं प्रेम गणितावर, असं ते सांगत. १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणात पोचमपल्लीला त्यांना पहिली जमीन मिळाली, १०० एकर. त्यानंतर त्यांनी देशभर चालत जमीन मागितली, तीही ‘काहीतरी द्या’ अशी मोघम नव्हे, तर अपूर्णांकात. तुला पाच मुलं असतील तर मला सहावा समज आणि माझा सहावा हिस्सा दे. देशात कसण्याजोगी जमीन सुमारे ३० कोटी एकर धरली, तर तिचा षष्ठांश ५ कोटी एकर, म्हणून लक्ष्य ५ कोटींचं. हिशेब पाहा कसा नीटस आहे. पाच मुलांना एक-एक पंचमांश मिळायचा, आता षष्ठांश मिळणार. पंचमांशातून षष्ठांश वजा करायला लसावि तीस, म्हणजे प्रत्येक पोराचं नुकसान फक्त एक तिसांश. पाच पोरांचे पाच तिसांश एकत्र केले की विनोबांचा षष्ठांश बरोबर तयार. पोरांना फारसं कळतही नाही आणि विनोबांचं काम होतं. आमच्या घरी ते आले असते तर आमचा लसावि २१६ झाला असता, आणि मोठ्या आईने त्यांना चहा पाजून, पेटीची किल्ली हरवल्याचं सांगून वाटेला लावलं असतं.

असो. तर कडुलिंबाखाली एकर शोधणं चाललं होतं.

आमच्या हाती एकच पक्की गोष्ट होती. दादाचा आणि माझा हिस्सा गावातल्या चार जाणत्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी साखळी टाकून, एकत्रच तोडून दिला होता. बांधाच्या अलीकडचा तुकडा, दोघांचा मिळून साडेतीन एकर. पुलगावचा ट्रॅक्टरवाला दरवर्षी नांगरटीचे साडेतीन एकराचेच पैसे घेतो, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या मोजणीवर मोजणी खात्यानेही शंका घेऊ नये. त्यात दादाचं किती आणि माझं किती, हे आम्ही कधी काढलं नाही. दोघं मिळून पेरतो, पीक निम्मं-निम्मं वाटून घेतो. काही प्रश्न न विचारल्याने घरं टिकतात. बाकीच्यांचं वावर बांधाच्या पलीकडे, आणि आत्याचा तुकडा तर नाल्याच्याही पलीकडे. तिकडे आम्ही कधी गेलो नाही.

साडेतीन हा आकडाही खास आपला. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, शहाणे साडेतीन. जुनी माणसं साडेतीनला ‘औट’ म्हणत आणि त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी झाली की औटकी पाठ करावी लागे, म्हणजे साडेतीनचा पाढा. औट घटकेचं राज्य म्हणतात ते हेच. एक घटका २४ मिनिटांची, औट घटका म्हणजे ८४ मिनिटं. आमच्या झाडाखालच्या चर्चेला तेवढाच वेळ लागला, हा योगायोग.

दादाची मुलगी नुकतीच आठवीची परीक्षा देऊन आली होती आणि माठाच्या गारव्याला टेकून मोबाइलवर काहीतरी पाहत होती. पण आम्ही आधी आमचा मोठेपणा करून पाहिला. कागद म्हणून घरात एका लग्नाची पत्रिका होती, कोपऱ्याला हळद लागलेली, मागची बाजू कोरी. मी त्यावर लिहिलं: अख्खं वावर क्ष. क्ष/१२ अधिक क्ष/९ बरोबर ७/२.

पहिला हात दादाचा. त्याने वरचे दोन क्ष मिळवले, खालचे बारा आणि नऊ मिळवले, दोन क्ष बटा एकवीस केले, तिरकस गुणाकार मारला, आणि घाम पुसत जाहीर केलं, “पावणेसदतीस एकर!”

सहावीतला मी तिथे दादाच्या रूपाने उभा होता. पण उत्तर इतकं गोड होतं की चूक दाखवायचं मन होईना. मक्तेवाला माणूस बाजेवर सरसावून बसला. “एवढं हाये? मले वाटलं निम्मं असन.” दादाच्या डोळ्यांत विहीर, ठिबक आणि नवी मोटारसायकल एकदम चमकून गेली. वरच्यात वरचे आणि खालच्यात खालचे मिळवण्याची चूक लोक उगाच करत नाहीत. ती फायद्याची पडते.

मग मी पत्रिका ओढून घेतली. मला गोरसपाक आठवत होता. नऊ आणि बारा, दोघांनाही चालेल असं माप, लसावि ३६. क्ष/१२ ला छत्तीसने गुणलं, तीन क्ष. क्ष/९ ला छत्तीसने गुणलं, चार क्ष. छेद गेले. काय समाधान असतं त्या क्षणाला! कुस्तीत पैलवान खाली पडावा तसे छेद पडतात आणि मैदान मोकळं होतं. सात क्ष बरोबर साडेतीन. म्हणून क्ष बरोबर अर्धा.

“अर्धा एकर,” मी म्हणालो. “वीस गुंठे.”

कडुलिंबावरचा कावळाही गप्प झाला. दादा म्हणाला, “अर्ध्या एकरात साडेतीन एकराचा तुकडा बसवला कसा बे तू?” मक्तेवाल्याने चपला शोधायला सुरुवात केली.

“काका,” माठाजवळून आवाज आला, “उजव्या बाजूले गुणलंच नाही तुम्ही.”

हीच ती जागा, जिथे पिढ्यान्पिढ्या पोरं पडत आली आहेत. समीकरण म्हणजे पंगत. तुम्ही वाढपी. छत्तीसची जिलेबी घेऊन डावीकडून निघता, पहिल्या पानावर वाढता, दुसऱ्या पानावर वाढता, आणि ‘बरोबर’च्या चिन्हापलीकडे कोपऱ्यात एकटाच बसलेला पाव्हणा राहून जातो. त्याच्याशी क्ष नाही, त्याची कुणी ओळख नाही. तो मागत नाही, नुसता रिकाम्या पानाकडे बघतो. घरी जाऊन मात्र सगळ्या गावाला सांगतो. आमचा पाव्हणा साडेतीन. त्याला छत्तीसपट वाढलं असतं तर १२६ झाले असते. नाही वाढलं, म्हणून आजोबांचं सगळं वावर वीस गुंठ्यांवर आलं. शाळेत याचा एक मार्क जातो. वावरात किती जातं ते दादाच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

(आमच्या गणितात वजाचं चिन्ह नव्हतं, हे नशीब. अपूर्णांकाच्या आधी वजा असलं आणि अंशात ‘क्ष वजा तीन’ अशी दोन माणसं एकत्र राहत असली, की तो वजा सावकारासारखा घरात शिरतो आणि दोघांचंही चिन्ह पालटतो. पोरं फक्त पहिल्याचं पालटतात. दुसरा तसाच राहतो आणि उत्तर वर्षभर चुकत राहतं. छेद काढून टाकायच्या आधी अंशाला कंस घालावा, म्हणजे सावकाराला सगळे सापडतात.)

पोरगी आली. पत्रिका घेतली. तीन क्ष अधिक चार क्ष बरोबर १२६. सात क्ष बरोबर १२६. क्ष बरोबर १८. वेळ लागला तो फक्त पेनाचं झाकण काढायला. वर पुन्हा पडताळाही घातला, कारण तिच्या बाईंनी पडताळ्याला मार्क ठेवलेले. अठराचा बारावा हिस्सा दीड. अठराचा नववा हिस्सा दोन. दीड आणि दोन साडेतीन. बरोबर.

गणित सुटलं होतं, आणि त्याच ओळीत आमचं घर अडकलं होतं.

दादाने पत्रिका हातात घेतली. एकदा वाचली. पुन्हा वाचली. “तुले दोन?” तो म्हणाला. “अन् मले दीड?”

जी गोष्ट आम्ही इतकी वर्षं मनातसुद्धा भागून पाहिली नव्हती, ती त्या लग्नपत्रिकेच्या मागे निळ्या शाईत उतरली होती, पडताळ्यासकट.

“आमच्याकडे तिघं आहोत, तुमच्याकडे चौघं,” मी म्हणालो. “म्हणून.”

“म्हंजे आम्ही एक जास्त जन्मलो, ही आमची चूक?”

“चूक नाही रे. छेद.”

छेद हा शब्द मी वापरायला नको होता. दादा वावराच्या दिशेने तोंड करून बसला. मग मलाही हिशेब सुचला, आणि हिशेब सुचला की माणसाला गप्प बसवत नाही. साडेतीनाचं निम्मं पावणेदोन. माझे दोन. म्हणजे दरवर्षी माझ्या पाव एकराचं, दहा गुंठ्यांचं सोयाबीन दादाच्या घरी जात होतं. हे मी बोललो. मोठ्याने बोललो. त्यावर दादा म्हणाला, की बियाणं आणायला पुलगावला कोण जाते, डवरणीले उन्हात कोण उभा राह्यते, आन् तू वर्ध्याहून येतो तो हुरडा खायले. हे खरं होतं. मीही तोंड फिरवून बसलो, पण दुसऱ्या बाजूला. दोघांच्या पाठी एकमेकांकडे. कुणी वरून पाहिलं असतं तर बाजेवर ३६ लिहिलेला दिसला असता.

वातावरण निवळावं म्हणून मी विद्वत्ता बाहेर काढली. असं वाईट वेळी करू नये, पण सवय. पोरीला म्हणालो, तुझी रीत चांगली, पण हेच भास्कराचार्य क्ष न मांडता करायचे. ‘लीलावती’ ११५० सालची. तिच्यात समच्छेद करायची रीत आहे, शब्दसुद्धा हाच. तिच्यात भुंग्यांचं एक उदाहरण आहे: थव्याचा पाचवा हिस्सा एका फुलावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्या झाडावर, आणि एकच भुंगा दोन सुगंधांच्या मधे घिरट्या घालत राहिला. तर थवा केवढा? लसावि पंधरा, आणि उत्तरही पंधराच. ‘इष्टकर्म’ म्हणून त्यांची एक युक्ती आहे: खरी संख्या माहीत नाही ना, मग सोयीची धरून चाला. वावर छत्तीस एकर आहे असं धर. दादाचे तीन, माझे चार, मिळून सात. पण खरे किती? साडेतीन. सातच्या निम्मे. मग वावरही छत्तीसच्या निम्मं. अठरा. छेद नाही, तिरकस गुणाकार नाही.

पोरीला हे खरंच आवडलं. तिने तेही पत्रिकेवर उतरवून घेतलं. मक्तेवाल्याने विचारलं, “हे भास्कराचार्य कुठचे?”

मी म्हणालो, चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवाने तिथे मठ काढला.

“पाहा,” दादा वावराकडे पाहतच म्हणाला, “लोकाईचे नातू आजोबाच्या नावानं काय काय काढते. अन् आपण दहा गुंठे काढतो.”

यावर मला काही सुचलं नाही.

ओसरीवर शेवटची कुरडई घालून झाली. आत्या हाताचा चीक पाण्याने धूत उठली. आत्याला समुद्रपूरकडे दिली आहे. दर उन्हाळ्यात ती आठ दिवस माहेरी येते, येताना वायगावच्या हळदीची पुडी आणते, आणि मोठ्या आईशी एकही शब्द न भांडता आठ दिवस काढते, जे या घरात दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. सत्तरी ओलांडली आहे. शाळा चौथीपर्यंत. ती पदराला हात पुसत झाडाखाली आली आणि चष्मा नसल्यामुळे पत्रिका लांब धरून पाहू लागली.

“किती आलं?”

“अठरा एकर, आजी,” पोरगी म्हणाली.

“मंग मी मघापासून का इचारून राहिली, काय पायजे तुमाले?” आत्या म्हणाली. “माहे सहा एकर, नाल्यापल्याड. तिसरा हिस्सा. सहा त्रिक अठरा.”

आम्ही दोघंही वळून बसलो. तिचे सहा एकर आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलं नव्हतं.

“तुला कसं माहीत आत्या, सहाच आहेत म्हणून?” मी म्हणालो.

“तुह्या बाबानं अन् मोठ्या बाबानं साडी आणली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोजणीचे पैसे भरले,” ती म्हणाली. “चारी कोपऱ्याले दगड रोवून घेतले. दरसाल आली की पाहून येतो मी, हाये का जागेवर.”

मग तिने पत्रिका उलटी केली, तारीख पाहिली, आणि पोरीच्या टाळक्यात हलकेच टपली मारली. “लग्न तं व्हायचं हाये अजून. कायले खराब केली?”

मक्तेवाला उठून उभा राहिला होता. त्याने बाजेचं एक टोक धरलं आणि ती आत्याच्या बाजूला सरकवली.

“मावशी, तुमच्या सहा एकराचा भाव आधी सांगा.”

“सांगतो,” आत्या बसत म्हणाली. “माहे पैसे माह्या हातात. अन् ह्याईचे बटे तू मंग पाहजो.”